ऑक्टोबरचे दोन फॉर्म

नागपूर, ५ ऑगस्ट १९७३

तीर्थरूप बाबा, वच्छलेचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, सासूबाई जीव लावतात. आईचे गुडघे कसे आहेत? तुमच्या मागाच्या कांड्या आता कोण भरून देते?

बाबा, हळदीच्या डब्यामागं माझी मॅट्रिकची मार्कशीट आहे, ती लवकर पाठवा. बाकीच्या विषयांत मले सूट आहे, ऑक्टोबरात फक्त इंग्रजीचा पेपर द्यायचा. फॉर्मची तारीख येत्या शनिवारी संपते, माझं कशात मन लागत नाही. बंद पाकिटातच पाठवा, सासूबाईले काही माहीत नाही.

लग्न जुळवताना तुम्ही पोरगी मॅट्रिक पास सांगितली. तेव्हापासून कोणी शाळेचं नाव काढलं की मी उठून चुलीकडं जाते.

परवा पेटी झाडताना ह्यांची मार्कशीट हाती लागली. गणितात नापास! पहिले मी भांडली, मग माझंही सांगून टाकलं. आता मी ह्यांचं गणित घेऊन राहिली अन् हे माझं इंग्रजी. सासूबाई म्हणतात, एवढं काय कुजबुजून राहिले गा दोघं?

ह्यांच्या घरच्यांनी पोरगा पास सांगितला, तेव्हा तुम्ही मार्कशीट काहून नाही मागितली, याचा मले लई राग आला होता. मग ध्यानात आलं, त्यांनी तरी माझी कुठं मागितली होती?

आईले नमस्कार. पाकीट विसरू नका.

तुमची लेक,
वच्छला