योग्य त्या कार्यवाहीसाठी

ता. ६ फेब्रुवारी
चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

आरोग्यमंत्री झालास ते पाकिटावर. आत तू ढब्बूच. आईचा गुडघा बरा आहे. पेपरातला तुझा फोटो बघून म्हणाली, गाल भरलेत पण हसू कुठे गेलं.

आता कामाचं. आमच्या मुलांच्या वॉर्डात ऑक्सिजनची लाइन गळते. भिंतीकडच्या चार खाटांना दाबच मिळत नाही. अधीक्षक मात्र नोंदवहीत रोज 'सुरळीत' लिहायला लावतात, आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून सही माझी. परवा एका बाळाला उचलून दुसऱ्या टोकाला पळाले, म्हणून ते वाचलं. याच वॉर्डाच्या पायऱ्यांवर तू अकरा दिवस उपोषणाला बसला होतास, म्हणून तुलाच सांगते. माझं नाव तेवढं बाहेर येऊ देऊ नकोस, बाबा.

लोभ आहेच, तो खुर्चीमुळे पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ता. २० फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान पकडतो. अधिवेशनाने पार पिट्टा पाडलाय. तुझा शब्द न् शब्द खरा आहे. पण आत्ता गवगवा झाला तर विरोधक मला सोलून काढतील, आणि माझ्या जागी येणारा एवढंही करणार नाही. उपास सोपा होता गं, तेव्हा फक्त पोट सांभाळायचं होतं. जरा दम धर.

आईला नमस्कार. रागावलीस तरी लोभ ठेव.
ढब्बू

ता. १४ मार्च
चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

काल अधीक्षकांनी बोलावलं. टेबलावर माझंच पत्र होतं. त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा आणि खाली तुझी सही, एवढं लांबून दिसलं. खोट्या नोंदीवर सही का केली, असा मेमो त्यांनी मलाच दिला. सोमवारपासून मी चादरींच्या भांडारात. लाइन गळतेच आहे. हे कसं झालं ते खरंखरं सांग.
ताई

ता. २२ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईशपथ सांगतो, मला पत्ता नव्हता. सचिवांनी ते गठ्ठ्यात घातलं. दिवसाला दोनशे सह्या करतो, वाचायला सवड नसते. तुझी बदली रद्द करवतो, फक्त महिनाभर गप्प राहा. चुकलं माकलं पोटात घाल.
ढब्बू

ता. ३० मार्च
चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला होता. आईलाही सांगितलं, की पोरगं दमलंय, न बघता सही झाली. मग अधीक्षक रजेवर गेले आणि त्यांच्या कारकून बाईंनी ते पत्र मला हातात घेऊन बघू दिलं.

वरचं 'ढब्बू' खोडलंय. आईचा गुडघा, तुझा उपास, नाव बाहेर येऊ देऊ नकोस ही ओळ, सगळं नीट पट्टी लावून खोडलंय. शेवटी 'तुझी ताई' खोडून त्यावर लिहिलंय, 'इन्चार्ज सिस्टर, मुलांचा वॉर्ड'. अक्षर तुझं आहे. तुला पाटीवर मीच शिकवलं, मला कसं चुकेल?

फार थकल्यासारखं झालंय. माझी बदली राहू दे, चादरी घड्या घालायला मला जमतात. भिंतीकडच्या चारही खाटांवर आज बाळं आहेत. त्या खाटा बंद करायचा हुकूम आजच्या आज काढ.

लोभाचं मग बघू.
ताई