'बाई' म्हटल्याची शिक्षा

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणत होते, पण हात वळत नव्हता. आज राहवलंच नाही. आपल्या स्वराला शाळेने वर्गाबाहेर बसवलंय. का? तर ती टीचरना 'बाई' म्हणाली!

हो, बाई. मलाही आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

खरं तर ही सवय तुझीच, आई. नायगावच्या शाळेत मी तुझ्याच वर्गात होते, तेव्हा दम दिला होतास, "इथे मी आई नाही, बाई." रिटायर झालीस तरी खोड गेली नाही. संध्याकाळी स्वरा अभ्यासाला बसली की तिनेही आजी म्हणायचं नाही, बाईच म्हणायचं. गणित सुटलं की ती ओरडायची, "बाई, झालं!" आणि तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, "दाखव गो, बघूया."

परवा वर्गात तिचं गणित सगळ्यांच्या आधी सुटलं आणि तोंडून तेच निघालं. मुलं खो खो हसली. टीचर मुंबईत नवीन, मराठी येत नाही. त्यांच्या सोसायटीत बाई म्हणजे लादी पुसायला येते ती. त्यांना वाटलं, पोरीने भर वर्गात आपल्याला मोलकरीण केलं. त्यांचा तरी काय दोष?

मला बोलावणं आलं. प्रिन्सिपल मॅडमनी शिस्तीच्या नियमांवर बोट ठेवलं: शिक्षकांचा अपमान. स्वराने माफीनामा लिहून द्यायचा, की तिने टीचरसाठी कामवालीचा शब्द वापरला. खाली माझी सही. तोवर वर्गात घेणार नाहीत. मी सांगत होते, "अहो, मराठी शाळेत शिक्षिकेला मानाने बाई म्हणतात." त्यांना पटेना. त्यांनी शेजारी बसलेल्या सुपरवायझरना विचारलं, "कविता, तुम तो महाराष्ट्रियन हो ना? ऐसा बोलते हैं क्या?"

माझा जीव भांड्यात पडला. अगं, ही आपली कविता! आपल्या चाळीत खालच्या मजल्यावर राहायची ती, तुझीच विद्यार्थिनी. तू गेलीस तेव्हा "माझ्या बाई गेल्या" म्हणत दारातच बसून रडली होती.

कविता म्हणाली, "नो मॅम. मैंने तो नहीं सुना."

आई! नाही ऐकलं? पाढे चुकले की "बाई, मारू नका" म्हणत बाकाखाली कोण लपायचं?

मी निघाले तर ती जिन्यात मागून धावत आली. डोळे भरलेले. "नीलूताई, रागावू नको गं. मी चाळीतली, मराठी मीडियमची, हे इथे कोणाला ठाऊक नाय. कळलं तर हे लोक मला काय किंमत देतील?"

मला तिची कीवही आली आणि एक कानाखाली द्यावीशीही वाटली. तू असतीस तर तिला पोटाशी धरलं असतंस ना? मला नाही जमलं. मी तशीच खाली उतरले.

पण खरा धक्का घरी बसला. स्वराने विचारलं, "आई, मी आजीला रोज शिवी देत होते का?"

हे ऐकायला तू नव्हतीस ते बरं झालं, असं पहिल्यांदा वाटलं मला. आणि कामवाली ही तरी शिवी कधीपासून झाली गं? तुझ्या आईने लोकांची धुणीभांडी करूनच तुला शिकवलं होतं की!

उद्या आम्ही दोघी शाळेत जाणार आहोत. टीचरना वाईट वाटलं, त्याबद्दल स्वरा त्यांना जवळ जाऊन सॉरी म्हणेल. ते म्हणायलाच हवं. कविताचं गुपितही मी फोडणार नाही, तू फोडलं नसतंस. पण त्या माफीनाम्यावर माझी सही होणार नाही, हा तुला शब्द. लेकीला परत बाहेर बसवलं, तर रजा टाकून मी तिच्या शेजारी बसेन. आणि त्या पॅसेजमधून जाणाऱ्या प्रत्येक टीचरला आम्ही दोघी हात जोडून म्हणू, "नमस्ते, बाई."

पहिला नमस्कार कविताला.

तुझी,
नीलू