निळ्या छपराची खूण

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
निशाला पायलटचं लायसन्स मिळालं! माझी पोरगी! डोळ्यांत पाणी आलं. १८ तारखेला क्लबचं छोटं विमान घेऊन ती आम्हा दोघांना फिरवणार. किनाऱ्याने उत्तनपर्यंत आणि परत. तिच्याशेजारी सीट एकच. वैजयंता म्हणाली, मी का मागे बसू, पोरगी माझीपण आहे. मी म्हटलं, पुढची सीट नेव्हिगेटरची असते. तिने विचारलं, नेव्हिगेटर कोण? आजपासून मी.

निशाने हवाई नकाशा दिला. त्याला चार्ट म्हणायचं. खिडकीतून खालची खूण बघायची, ती चार्टवर शोधायची, की आपण कुठे आहोत ते कळतं. अगदी सोपं. तीस वर्षं घरोघर मीटर रीडिंग केलंय, खुणा मला कोण शिकवणार?
रोज पहाटे पाचला उठून अभ्यास.

७ जानेवारी, बुधवार.
नऊला उठलो. थंडी फार.
चार्टवर डोंगर, खाडी, दीपगृह, टॉवर, सगळं आहे. गल्ल्या नाहीत. आख्खं मीरा-भाईंदर माझ्या अंगठ्याखाली मावतं. आमच्या इंद्रलोक वस्तीचं नावसुद्धा नाही. ही चूक संबंधितांना कळवणार. पत्र 'महोदय'पर्यंत झालंय.

१० जानेवारी, शनिवार.
प्रॅक्टिकल. इंद्रलोक ते नया नगर, रिक्षाने, होकायंत्र बघून. विमान सरळ रेषेत जातं, म्हणून मी रिक्षावाल्याला सांगितलं, सीधा दक्षिण. तो म्हणाला, अंकल, आगे दीवार है. मी म्हटलं, दिशा मत बदलो. त्याने मला उतरवलं.
भिंत खरंच होती. चार्टवर नाही.

१३ जानेवारी, मंगळवार.
पक्की खूण सापडली! आमच्या गच्चीवर गळतीसाठी घातलेलं निळं पत्र्याचं छप्पर. उत्तनजवळ उजवीकडे ते दिसलं, की निशाला सांगणार, इथून परत वळ. चार्टवर निळ्या पेनाने ठिपका दिला. सेक्रेटरी हरिश्चंद्ररावांकडे गच्चीची किल्ली मागितली, वर जाऊन खात्री करायला. ते म्हणाले, टाकी साफ करायचीये का? म्हटलं, नेव्हिगेशन. किल्ली मिळाली नाही. गरजही नव्हती.

१६ जानेवारी, शुक्रवार.
वैजयंता उत्तनजवळच्या तारोडीहून सुके बोंबील घेऊन आली. वासाने अभ्यास बुडाला. तरी मोठ्या मनाने तिला चार्ट समजावला. तिने विचारलं, बोंबील वाळत घालतात त्या बांबूच्या वलांडी यात कुठे आहेत? हसलो. मागच्या सीटवर असेच प्रश्न शोभतात.

१८ जानेवारी, रविवार. विमानातल्या नोंदी, घरी आठवून.
१०.१० उडालो. चार्ट दोन्ही हातांत घट्ट.
१०.१२ निशा म्हणाली, पप्पा, डोळे उघडा.
१०.२० उघडले.
१०.२५ निळं छप्पर दिसलं! ओरडलो, तेच!
१०.२५ शेजारी आणखी एक. मग दहा-बारा. मग आख्खं शहरच निळं. प्रत्येक सोसायटीची गच्ची गळते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. निशाने विचारलं, पप्पा, कुठलं? म्हटलं, जरा थांबव. विमान थांबवता येत नाही म्हणे.
१०.२७ मागून वैजयंता म्हणाली, त्या बघ वलांडी, तारोडी आली, आता दीपगृह दिसेल. दिसलं. निशा म्हणाली, बरोबर आई, आणि वळली.
वैजयंताला असिस्टंट म्हणून घ्यायला हरकत नाही.

२० जानेवारी, मंगळवार.
निशा किचनमध्ये आईला सांगत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, पाणी प्यायला गेलो होतो. तिचा खरा चार्ट म्हणे तिच्या मांडीला बांधलेला होता. मला दिलेला जुना, मुदत संपलेला. कारण पप्पांचे हात मोकळे राहिले, की ते माझं हँडल धरतात. स्कूटरवर धरतात तसं. आणि पप्पांना सोडून पहिली राइड घ्यायची नव्हती, म्हणाली.
मी घाबरलो नव्हतो.
घाबरलो होतो. खूप.
आत्ता चार्ट उघडून बघितला. उजवा अंगठा होता तिथे भोक पडलंय. डोंगर, खाडी, दीपगृह जागच्या जागी आहेत. मीरा-भाईंदर तेवढं गेलं.