बिशकेकचा मानद सल्लागार

९ जानेवारी २००४
आजपासून रोजनिशी आणि आजपासून शिक्षणक्षेत्र.
इथे आखातात, फहाहीलच्या एज्युकेशन फेअरमध्ये बिशकेकच्या एका मेडिकल युनिव्हर्सिटीचा स्टॉल. व्हाइस-रेक्टर बाई एकट्याच माश्या मारत बसलेल्या. म्हणाल्या, सोव्हिएत काळातली संस्था आहे, आता सगळं इंग्लिशमधून करायचंय, परदेशी विद्यार्थी हवेत. मी म्हटलं, हे आमच्या प्लँटच्या शटडाऊनसारखंच. सगळं खोलायचं, साफ करायचं, परत जोडायचं. बाई प्रभावित झाल्या. निदान गप्प तरी झाल्या.
ध्येय: त्यांचा मानद आंतरराष्ट्रीय सल्लागार व्हायचं. म्हणजे जुईलीची एमबीबीएसची सीट पक्की. सल्लागाराच्या मुलीकडे फी कोण मागतंय?
रोज पहाटे रशियन शिकणार.

१० जानेवारी
पहाटे थंडी होती. रशियन संध्याकाळी बरी.

१६ जानेवारी
बाईंना अबू हलीफाला घरी जेवायला बोलावलं. मी हॉलमध्ये उच्चशिक्षणातील सुधारणांवर बोललो. बाई किचनमध्ये माझ्या बायकोशी, शीलाशी बोलत होत्या. शीला इथल्या शाळेत इंग्लिश शिकवते, सवयीनं तिनं युनिव्हर्सिटीच्या ब्रोशरवर लाल पेन चालवलं. पाहुण्यांच्या चुका काढू नयेत, असं तिला नंतर समजावलं. ती म्हणाली, अहो, त्यांनीच दिलं तपासायला.

२० फेब्रुवारी
ऐतिहासिक ईमेल पाठवली. मुख्य मुद्दा: विद्यार्थ्यांमागे धावू नका, आधी परदेशी शिक्षक आणा. त्यांना घर द्या, त्यांच्या मुलांना फुकट सीट द्या. बघा कसे येतात.
जुईली म्हणाली, बाबा, दे डिडन्ट आस्क यू. या पिढीला दूरदृष्टी नाही.
रशियन: अक्षरं जवळजवळ आली.

६ एप्रिल
उत्तर नाही. मोठ्या निर्णयांना वेळ लागतोच. शीलाला मात्र बाईंच्या मेल येतात. रेसिपी असणार.

११ जून
बाईंचा फोन. माझा सल्ला जसाच्या तसा मंजूर. पहिली नेमणूकही झाली म्हणे. कोणाची, विचारलं.
मिसेस शीलाची.
घर, पगार, जुईलीची सीट फुकट. शीला म्हणाली, तुमचाच मुद्दा आहे, आता तुम्हीच नाही म्हणणार? तत्त्वाचा प्रश्न होता. हो म्हटलं. वाईट वाटलं, फार वाटलं. पण सल्लागारानं असलं लिहू नये.

२७ ऑगस्ट
दोघींना एअरपोर्टवर सोडलं. जुईली रडली. मी गॉगल लावला होता.
फायदे: आता अख्खा फ्लॅट माझा. हॉलमध्ये सल्लागाराचं ऑफिस.

३ सप्टेंबर
बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, हमीद दारात. म्हणाला, ही फॅमिली बिल्डिंग आहे, मदाम गेली म्हणजे तू बॅचलर, बॅचलर ममनू, म्हणजे सक्त मनाई. लग्नाचा अल्बम दाखवला. सगळे फोटो आवडीनं पाहिले आणि म्हणाला, फोटो म्हणजे फॅमिली नाही. मदाम माझ्याच सल्ल्यानं गेली, हेही सांगितलं. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

१ ऑक्टोबर
जलीब, बॅचलर कामगारांची वस्ती. चौघांत एक खोली, माझी खाट वरची. रूममेट फैजान रत्नागिरीचा. त्यानं नियम सांगितला: नवीन आलेल्यानं भांडी घासायची.
घासून झाल्यावर शीलाला फोन केला. सहज विचारलं, तिकडे सल्लागाराची जागा निघाली का. नाही म्हणाली. मग म्हणाली, शिक्षकांच्या घरच्यांना व्हिसा मिळतो, डिपेन्डन्ट म्हणून. इतकी वर्षं इथे ती माझ्या व्हिसावर होती.
विचार करून कळवतो म्हणणार होतो. तोंडातून निघालं, कधी येऊ?