खिशातलं झाकण

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. संकल्प दोन. एक, वर्गात चिडायचं नाही. दोन, ‘प्रोसेस हॅझार्ड्स अँड रिस्क’ हा माझा इलेक्टिव्ह या वेळी हाऊसफुल्ल करायचा.

कौमुदी मॅडमनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. या आमच्या एचओडी. एके काळच्या माझ्या विद्यार्थिनी, पण मी ते कधी बोलून दाखवत नाही. आज दोनदाच बोललो. म्हणाल्या, की सर, तीन आठवडे ट्रायल लेक्चर्स घ्या, मग मुलं नावं देतील. पंधरा नावं आली नाहीत तर विषय बंद, आणि तुम्हाला फर्स्ट इयरचं ड्रॉइंग.

ड्रॉइंग! केमिकल प्लांट कसे उडतात हे शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्यानं आता टी-स्क्वेअर धरायचा?

संध्याकाळी बायकोसमोर, चंद्रिकेसमोर, रिहर्सल केली. तिसऱ्या स्लाइडला झोपली. फराळ करकरून दमली आहे बिचारी.

४ नोव्हेंबर
वर्ग मिळाला नाही. सगळे डेटा सायन्सवाल्यांनी बळकावलेत. मला लॅबमागची खोली, कोपऱ्यात सॉल्व्हंटचं कपाट असलेली. हरकत नाही. पोहायला शिकायचं तर विहिरीजवळच जावं लागतं.

लेक्चर फक्कड झालं. कपाटातल्या टोल्युइनच्या कॅनचं झाकण काढून मुलांसमोर धरलं. म्हटलं, बघा, एवढंसं झाकण! हे आहे तोवर प्लांट, हे गेलं की बातमी. वाक्य माझं स्वतःचं. झाकण शर्टाच्या खिशातच ठेवलंय, दर लेक्चरला लागणार. कॅनच्या तोंडाला तात्पुरती प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड लावला.

६ नोव्हेंबर
अर्धा वर्ग पेंगत होता. ही पिढी रात्रभर मोबाईल बघते आणि माझ्या लेक्चरला झोप काढते. मागच्या बाकावरचा सत्यम, वडिवळ्याचा, उठून म्हणाला की सर, हितं थिनरचा लय वास मारतोय, डोकं जड व्हतंय, खिडकी उघडू का? नाही म्हटलं. खिडकी उघडली की घोरावाडी स्टेशनातली गाडी ऐकू येते आणि सगळे बॅगा आवरायला लागतात. वर त्याला सुनावलं की हा वास थिनरचा नाही, आळसाचा आहे. कुणी हसलं नाही.

माझंही डोकं दुखतंय. या मुलांपायी दुसरं काय होणार!

७ नोव्हेंबर
नवीन युक्ती. प्लांटमध्ये सुरक्षेचे एकामागे एक पडदे असतात आणि प्रत्येकाला कुठेतरी भोक असतं. सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात. पुस्तकात यासाठी स्विस चीजचं चित्र असतं. मावळात स्विस चीज कुणी पाहिलंय? मी चंद्रिकेचे उरलेले अनारसे डब्यातून नेले. जाळी कशी सुरेख! एकामागे एक धरून दाखवणार, एवढ्यात फळ्याकडे वळलो. परत बघतो तर पडदे संपलेले. तोंडं हलत होती. मात्र वर्ग पूर्ण पाच मिनिटं जागा होता, हे नमूद करतो.

चंद्रिका म्हणाली, ते अनारसे वन्संसाठी ठेवले होते. आता हिला सायन्स काय सांगायचं?

१० नोव्हेंबर
आजचा विषय: ‘अलार्मकडे दुर्लक्ष केल्याने झालेले अपघात.’ बोलायला तोंड उघडलं आणि भिंतीवरचा गॅस डिटेक्टर कोकलायला लागला. बंद केला. पुन्हा सुरू. वाक्य पुरं करू देईल तर शपथ! असल्या गोंगाटात अलार्मचं महत्त्व कसं पटवणार?

मशीन नको तेवढं हळवं आहे. चंद्रिकेच्या आईसारखं. मागे लोणावळ्याच्या रिसॉर्टमधून आणलेली शॉवर कॅप बॅगेत होती, ती त्याच्यावर घट्ट चढवली. गप्प! कॅप उद्या काढायची.

११ नोव्हेंबर
उत्कृष्ट शांतता. माझ्यासह सगळेच शांत. मध्येच स्लाइड कुठली ते मला आठवेना. कॅप उद्या नक्की.

१३ नोव्हेंबर
वल्लरी नावाची मुलगी आहे, तळेगावची. फाजील प्रश्न विचारते. आज म्हणाली, की सर, तुम्हीच शिकवलंत ना, अलार्म कधीही बायपास करायचा नाही, आणि तात्पुरतं म्हणून केलेलं कायमचं होतं? मग ती टोपी? मी म्हटलं, शिकण्यासाठी शांतता लागते, आणि हा बायपास नाही, नियोजन आहे. त्यावर तिनं आपला बाक उचलला आणि थेट दारात नेऊन ठेवला. विषयात रस नसलेली मुलं लगेच ओळखू येतात.

नाव अजून एकही नाही. मला काळजी वाटत नाही. (वाटते. ड्रॉइंगचं पुस्तक लायब्ररीतून आणलंय. नुसतं बघायला.)

१८ नोव्हेंबर
आजचा दिवस लिहायचा की नाही?

कौमुदी मॅडम लेक्चरला येऊन बसल्या. मी फॉर्मात. खिशातून झाकण काढलं, हात उंच केला, ‘हे आहे तोवर प्लांट’ इथपर्यंत आलो, आणि मॅडम नाकाला रुमाल लावून उठल्याच. म्हणाल्या, हा वास कसला? सत्यम म्हणाला, मॅडम, मी कवापास्नं सांगतोय, आज तर मळमळाय लागलंय. मॅडमनी खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. मग डिटेक्टरवरची टोपी ओढली. तो असा कोकलला, की जणू आठवडाभराचं साठवून ठेवलं होतं. मग त्यांनी कपाट उघडलं. कॅनवरची पिशवी टोल्युइननं विरघळून तिची लक्तरं झाली होती.

मॅडमनी विचारलं, याचं झाकण कुठंय?

मग दारातून वल्लरी म्हणाली, मॅडम, ते सरांच्या हातात आहे.

हात अजून वरच होता. खाली घ्यायचं सुचलं नाही. मी प्रसंगावधान राखून म्हणालो, की हेच आजचं प्रात्यक्षिक होतं. मॅडमनी हात पुढे केला आणि झाकण मागून घेतलं, लहान मुलाकडून गोटी काढून घेतात तसं. लाज वाटली. फार वाटली.

१९ नोव्हेंबर, पहाट
लाज कसली? उलट आनंदाची गोष्ट आहे! मुलं झोपत होती ती टोल्युइनमुळे! डोकं जड होणं, गुंगी येणं, सगळी लक्षणं पुस्तकात आहेत. माझ्या शिकवण्याचा काडीचा संबंध नाही. एकोणीस वर्षांचा कलंक पुसला गेला. (आधीच्या अठरा वर्षांत कॅन कुठे होता, ते तपासून बघायला हवं.)

संध्याकाळची भर: दुपारी मॅडमना भेटलो. एक लेक्चर द्या, म्हटलं, शुद्ध हवेत. मग नावं मोजा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माजी विद्यार्थिनीच ती, जीव तुटला असणार. सोमवारचं दिलं. सत्यमची माफी मागितली. तो म्हणाला, असूं द्या सर, व्हतंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार
नवा वर्ग. खिडक्या सताड उघड्या, बेडश्याच्या डोंगराकडून गार वारा. कॅन नाही, वास नाही. डिटेक्टर मुद्दाम भिंतीवर लावून घेतला, त्याचा हिरवा दिवा सुरू. मी सर्वस्व पणाला लावून शिकवलं.

आधी मागचे बाक गेले. मग मधले. सत्यमनं गाल डेस्कवर टेकवला आणि चक्क घोरला. वल्लरी आज दारात नव्हती, पहिल्या बाकावर होती. बराच वेळ तग धरला पोरीनं, मग तिचीही मान कलली. शेवटी, मागे बसून ऐकणाऱ्या मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

डिटेक्टर गप्प होता.

नाव एकही आलं नाही. उद्यापासून ड्रॉइंग.

घरी येऊन चंद्रिकेला सगळं पहिल्यापासून सांगायला बसलो. डिटेक्टरपर्यंत आलो आणि बघतो तर सोफ्यावर मान टाकून ती गाढ झोपलेली. उठून स्वयंपाकघरात गेलो. कपाटं उघडली, सिलेंडर तपासला, सगळ्या डब्यांची, बाटल्यांची झाकणं एकेक करून बघितली.

सगळी घट्ट आहेत.