काकांच्या नितळ नळ्या

प्रिय मावशी,

मागच्या पत्रात मी कळवलं होतं की तुझ्या मनगटावरच्या जखमेत परजीवी नाही. ते चूक होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या नळीत परजीवी वाढला नाही, एवढंच खरं. या दोन वाक्यांत फरक आहे हे तूच मला जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून शिकवलंस. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या घरी फोन काका उचलतात. तुझ्या नावाचं पत्र मात्र ते उघडत नाहीत; दुसऱ्याने लिहिलेलं वाचायची त्यांना सवयच नाही.

तू निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेत काकांच्या माध्यमाचं राज्य आलं. परजीवीला वाढायला कोणतं माध्यम, म्हणजे नळीतलं खाद्य, द्यायचं हे ठरवताना तू म्हणायचीस, आधी त्याला काय लागतं ते बघ, मग तुझी सोय. काका उलटं बघतात. सशाच्या रक्ताचा तुझा जुना थर त्यांना गचाळ वाटतो. खिडकीच्या उजेडात नळी धरून ते पाहुण्यांना सांगतात, "या पोरींच्या नळ्या म्हणजे गटार. माझी बघा, कशी नितळ!" वर्षभर एकही नळी गढूळ झाली नाही. दुसरा कोणी असता तर काहीच उगवत नाही म्हणून घाबरला असता. काकांनी त्यावर व्याख्यान दिलं.

आणि आम्ही माना डोलावल्या. शेजारच्या टेबलावरची तर "सर, तुमच्या हाताला गुण आहे" म्हणते. तिला बढती हवी आहे हे कळतं, पण मान इतकी कशी वाकते ते कळत नाही. मला माझीच शंका यायची. तुला ठाऊक आहे, कुलूप लावल्यावर मी जिन्यातून परत जाऊन ते ओढून बघते. तापमान चुकलं असेल, नमुना उशिरा आला असेल, असं धरून चालले.

तुझा नमुना आला तेव्हा त्यातला थोडा भाग मी कुणाला न विचारता रक्ताच्या नळीतही टाकला. काही दिवसांनी त्यातला थेंब काचेवर घेतला, तर शेपटीवाल्या जिवांची नुसती झुंबड. काकांची नळी नितळच. मग मी त्यांच्या माध्यमातला एकेक घटक तपासला. बुरशी येऊ नये म्हणून त्यांनी जे औषध घातलंय, तेच हा परजीवी मारायला डॉक्टर रोग्यांना टोचतात. काका वर्षभर नळ्यांवर उपचार करत होते आणि माणसांना मलम देऊन घरी पाठवत होते.

त्यांना सांगितलं. चहा ढवळत म्हणाले, "मावशीने घरी शिकवलं तेवढंच येतं तुला. रक्तात काय, काहीही वाढतं." मी विचारलं, मावशीच्या हातातसुद्धा? तर म्हणाले, "तिला सांगितलंय मी, पूर्ण बाह्यांचं घालत जा, धूळ बसणार नाही." हा आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख.

मावशी, तुला तुझी जखम ओळखता आली नाही यावर माझा विश्वास बसत नाही. तू त्यांची लाज राखायला गप्प बसलीस, आणि मला राग त्यांच्यापेक्षा तुझा थोडा जास्त आला आहे. तुझा हात तुझा आहे, पण तोच निकाल घेऊन गेलेल्या एका शिंपीणबाईची गालावरची जखम आता नाकापर्यंत सरकली आहे. दोन्ही माध्यमांत घातलेला नमुना फक्त तुझा आहे. तो दाखवला की तुझं नाव येणार, आणि त्याला काकांचं आडनाव आहे. हे तुला बाहेरून कळू नये म्हणून लिहिते आहे. नाव झाकायचं असेल तर कळव, झाकीन. नमुना झाकणार नाही. येत्या गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी मी दोन्ही नळ्या घेऊन रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे.

तुझीच,
शंकेखोर