स्नेहलताईच्या नावाने

४ मार्च २०२५

आज तिने विचारलं – "ताई, तुझं लग्न झालंय का?"

काय उत्तर देणार? लिहिलं, "पाऊस-पाण्याचं बोला, ताई." ती हसली असावी. हसऱ्या तोंडाची तीन चित्रं आली.

स्नेहल नावाची मुलगी आमच्या कंपनीच्या फेसबुक पानावर आणि व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ती पुण्याला गेली. नाव तसंच राहिलं. मी तेव्हा पॅकिंगला होतो. महेश सरांनी माझा एक अर्ज वाचला आणि म्हणाले, "लहानूकाका, तुमचं मराठी शेतकऱ्याला कळेल असं आहे. वर बसा." तेव्हापासून मीच स्नेहलताई. फोटो कुणा तिसऱ्याच बाईचा, विकत घेतलेला.

मनाची समजूत अशी घालतो – नाव खोटं, पण उत्तरं खरी. विहिरीच्या मोटरला मोबाईल स्टार्टर कसा जोडायचा, फोन लावला की मोटर का सुरू होत नाही, हेच तर सांगायचं असतं.

५ मार्च

सकाळी रामकुंडावर जाऊन आलो. नामस्मरणात मन लागलं नाही. लग्नाचा प्रश्न आठवत राहिला.

६ मार्च

प्रश्न विचारणारी ती चतुराबाई. घोटीच्या पुढे गाव. भाताचं रान, उन्हाळ्यात काकडी. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. विहीर आणि मोटर तिच्या नावावर, पण स्टार्टरला नंबर नवऱ्याचा आणि ते सिम आता दिराकडे. पुंजा त्याचं नाव. त्याने फोन लावला तर मोटर चालू, नाही तर नाही. स्टार्टरच्या पेटीला कुलूप, किल्लीही त्याच्याच खिशात. आधी स्वतःचं रान भिजवतो, मग हिचं. ती लिहिते, "माझीच हीर आन मीच वाट बघायची."

नंबर बदलून हवा आहे. सोपं काम. जुन्या नंबरवर ओटीपी जातो, तो सांगितला की झालं. पुंजा कुरकुरत का होईना "बघू" म्हणालाय.

महिला दिनासाठी सरांना गोष्ट हवी होती. मी हिची सांगितली. टेबलावर हातच मारला त्यांनी. "काका, हीच!"

तिला विचारलं. "टाक ना ताई, माझी पोरगी बघंल." विहिरीजवळ उभी राहून काढलेला फोटो पाठवला. डोक्यावरचा पदर नीट केलेला.

७ मार्च

लेख लिहिला. शेवटी लिहिलं होतं – लवकरच चतुराबाई स्वतःच्या फोनवरून मोटर सुरू करतील.

सर म्हणाले, "लवकरच-बिवकरच कोण वाचतं? करतात म्हणून टाका."

"पण अजून नंबर बदलला नाही सर."

"दोन दिवसांत बदलणारच आहे ना?"

बदलणारच होता. मी खोडलं आणि लिहिलं – आता त्यांना कुणाची वाट पाहावी लागत नाही, दिराचीसुद्धा नाही.

ते शेवटचे दोन शब्द सरांनी सांगितले नव्हते. माझे मीच घातले. वाक्य चांगलं वाटलं म्हणून!

८ मार्च

लेख सकाळी आठला टाकला. दुपारपर्यंत चार हजार लोकांनी पुढे पाठवला. "ताईंना सलाम" वगैरे. सरांनी सगळ्यांना कचोरी मागवली. "स्नेहल लय भाव खाणार आता," म्हणाले. मीही हसलो. दोन खाल्ल्या.

९ मार्च

चतुराबाईचा निरोप नाही.

१० मार्च

एकादशी. उपास.

तिचा निरोप असा – "ताई हे काय लिव्हलं तू. दिराला पारावर समदे हसले. म्हंगे वैनी तुला पुसत बी नाय का रे आता. शनवारपासून मोटर बंद हाय. म्हंतो फोनवर चालवती ना, चालव की मग."

ओटीपी तीनदा पाठवला. पुंजा म्हणतो, आकडा आलाच नाही. आमच्याकडे तिन्ही वेळा "पोहोचला" असं दिसतं.

मार्चमधली काकडी. वेल किती दिवस तग धरणार?

११ मार्च

सरांकडे गेलो. तिचा सातबारा दाखवला. म्हटलं, ओटीपीशिवाय बदलून द्या.

"काका, मलाही नाही करता येत. तसं करता आलं तर उद्या कुणीही कुणाचीही मोटर पळवेल."

हे खरं आहे. म्हणून जास्त राग आला. म्हटलं, निदान लेख तरी काढा.

"एवढा चाललेला लेख? उलट दुसरा भाग करू!" माझं तोंड बघून मग खुर्ची जवळ ओढली. "बरं, काढतो. पण लोकांनी पुढे पाठवलाय, तो कसा काढणार?"

काढला. त्याने काही होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

१२ मार्च

रजा टाकली. एसटीने घोटी, तिथून जीपने गाव.

ती विहिरीतून पोहऱ्याने पाणी ओढत होती आणि हंड्याने एकेका वेलाला घालत होती. पलीकडचे चार वाफे सोडून दिलेले, पानं गळालेली. अंगणातून सांगितलं, कंपनीतून आलोय. तिने माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. "स्नेहलताई नाय आली?"

मी म्हणालो, "बाई, स्नेहल म्हणून कुणी नाही. तुम्हाला लिहितो तो मीच."

तिला पटकन कळलं नाही. मग कळलं. पदर ओढून घेतला.

"म्हंगे समदं तुमीच वाचलं?"

"हो."

"माझ्या पोटाचं लिव्हलेलं बी?"

जानेवारीत तिने अंगावरून फार जातं असं लिहिलं होतं. स्नेहलताईने, म्हणजे मी, तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं होतं. तपासणी झाली, गोळ्या लागू पडल्या. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

"हो," म्हणालो.

तिने हंडा खाली ठेवला आणि घरात गेली. दार लावलं नाही. पण बाहेर आली नाही.

शेजारच्या ओट्यावर पुंजा बसलेला. "कंपनीचे का? या, माझाबी फोटो काढा!" मी हात जोडले. म्हटलं, ते वाक्य माझं, चूक माझी, भावजयीवर राग काढू नका. तो म्हणाला, "राग कशाचा? तिची मोटर फोनवर चालती, आख्ख्या जिल्ह्याला ठावं हाय. मंग अडलंय कुठं सायेब?"

त्याच्या जागी मी असतो, पारावर हसं झालं असतं, तर?

परत येताना जीपमध्ये जप करायचा प्रयत्न केला. "समदं तुमीच वाचलं" हेच तोंडात.

१३ मार्च

होळी. नैवेद्य दाखवला. बोंब मारायला पोरांत गेलो नाही.

१५ मार्च

सरांना सगळं सांगितलं, पोटाचं सोडून. म्हटलं, या नावाने मी आता एक अक्षर लिहिणार नाही. पॅकिंगला परत पाठवा हवं तर.

ते म्हणाले, "आपल्याला लिहिणाऱ्या निम्म्या बायका आहेत, काका. पुरुषाला लिहितील?"

"नाही लिहिणार."

"तरी?"

"तरी."

"मग तुमच्या नावाने लिहा. सोमवारी दहाला जाहीर करू."

मजकूर लगेच तयार केला. तीनच ओळी. स्नेहल नावाचं इथे कुणी नाही. दोन वर्षं उत्तरं मी देत होतो. लहानू, वय एकोणपन्नास. माफी असावी.

पुष्कळ दिवसांनी हलकं वाटलं. चतुराबाईच्या रानात मात्र त्याने एक थेंब जाणार नाही, हे लिहून ठेवतो.

१७ मार्च

सव्वानऊला निरोप आला. नवीन नंबर. जसाच्या तसा उतरवतो –

"स्नेहलताई मी मैना. पुंजाची बायको. ते आंघोळीला गेलेत फोन माझ्या हातात हाय. आकडा धाड लवकर. आक्का म्हनली दुसऱ्या कुनाला नको स्नेहलताईलाच लिव, ती आपल्यातली बाई हाय."

आक्का म्हणजे थोरली जाऊ. चतुराबाई.

ओटीपी पाठवला. मिनिटभरात सहा आकडे आले. टाकले. नऊ बावीसला चतुराबाईच्या फोनवरून मोटर सुरू झाल्याचं दिसलं.

साडेदहा झाले. सरांनी दोनदा विचारलं. त्या तीन ओळी अजून टाकलेल्या नाहीत.